वीस तेत्रीची लिफ्ट

बाद्रीने एक्केचाळीस मिनिटं आणून माझ्या टेबलावर ओतली
आणि म्हणाला, नऊ करून दे.
मी मेथी निवडावी तशी बसले निवडत:
तिब्लिसीच्या टेकाडावरचा सोळा मजली ठोकळा,
त्यातली लिफ्ट, नाणं गिळल्याशिवाय न हलणारी,
आणि दाराशी स्टुलावर त्सिरा,
सुटे पैसे देणारी, मांडीवर विणकाम.

चार फूट बाय तीन फुटांत कॅमेरा मागे सरकणार कुठे?
लाँग शॉट नाहीच.
माणसं आत येतात ती कानापासून, कॉलरपासून,
कलिंगड कवटाळलेल्या हातापासून.
दार मिटतं, दार उघडतं.
मी बसण्याआधीच कट लागलेले.

पहिल्या खेपेला मी त्याचा भयपट केला.
सहाव्या-सातव्याच्या मध्ये वीज जाते, तो तुकडा पुढे घेतला,
सगळे आवाज पुसले, एक श्वास ठेवला.
कुणाचा, ते सांगितलं नाही.
मग तोच अंधार घेऊन
श्वासाच्या जागी कलिंगड निसटल्याचा आवाज टाकला.
प्रहसन झालं.
चित्राची एक चौकटही हलली नव्हती.
मला जरा भीतीच वाटली,
भयपटात वाटली नव्हती तेवढी.

आमचे अन्झोर मास्तर फळ्यावर डोंगर काढायचे:
चढ, शिखर, उतार. गोष्ट म्हणजे हे, लिहून घ्या.
मी त्सिराला ते सांगितलं.
ती टाके मोजत म्हणाली,
"इथे खाली यायचे पैसे पडत नाहीत.
उतरणारे माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."
त्या रात्री मी उतार कापला.

सुरुवातही कापली. चौक, कबुतरं,
गॅलऱ्यांमधून वाळणाऱ्या चादरी.
नमनाला घडाभर तेल लांब सिनेमांना परवडतं,
आमच्या खिशात वीस तेत्री.
बाद्री रुसला.
कबुतरांसाठी तो पहाटे चारला उठला होता.

उरला सत्तेचाळिसावा शॉट.
कॅमेरा बंद करायचा राहून गेलेला, कोपऱ्यात तिरका.
रात्र. त्सिरा एकटी आत येते,
ॲप्रनमधून स्वतःचं नाणं काढते, फटीत टाकते,
चौदावा दाबते.
राहते ती तळमजल्यावर.
दार उघडतं. गालावर पिवळा उजेड.
ती बाहेर पडत नाही.
दार मिटतं.
बावन्न सेकंद.

बाद्रीने लगेच कारण लिहून आणलं:
चौदाव्यावर मुलगा राहायचा, पोलंडला गेला,
त्याच्या दाराचं कुलूप, त्याचे बूट, एक पत्र.
मी म्हटलं, शितावरून भात कळतो,
तू पातेलं कशाला उपडं करतोस?
दोन रात्री भांडलो. आधी पत्र गेलं, मग बूट.
कुलूप काढताना हात जड झाला.
चांगलं कुलूप होतं.

ऑगस्टमध्ये अंगणात चादर बांधून दाखवला,
नऊ मिनिटं चार सेकंद.
त्या बावन्न सेकंदांत बायका रडल्या,
प्रत्येकीच्या चौदाव्यावर वेगळंच कुणीतरी.
मी त्सिराकडे पाहिलं.
"बल्ब," ती म्हणाली.
"तक्रार होती. बसवला की नाही, ते बघायला गेले होते."
बाद्री हळूच खुर्चीत खाली सरकला.

"मग नाणं का टाकलंस?
तुला तर किल्ली आहे."

ती उत्तर शोधत होती की गिळत होती, कोण जाणे.
तेवढ्यात पाठीमागे घरघर झाली,
आणि नावांच्या यादीखाली मी ठेवलेली घरघर
चादरीतूनही येतच होती.
कुठली लिफ्ट खाली येतेय, कुणाला कळेना.

त्सिरा लोकर गुंडाळत उठली.