वापर: फक्त किनाऱ्यावर

कोशात लिहिलंय: जलस्तंभ.
मी ती ओळ पेन्सिलीनं खोडली.
स्तंभ म्हटला की वर काहीतरी टेकलेलं हवं,
छत, कमान, निदान एखादं कबूतर.
हा तर वरूनच लोंबतो
ढगाच्या पोटातून, ओवायची राहिलेली नाडी,
आणि खाली समुद्र
पिठात बोट फिरवावं तसा गोल उकलत जातो.

मूळ इंग्रजी शब्दाची आणखी एक खोड:
छपरावरचं पाणी खाली सोडते ती पन्हळ,
तिलाही तेच नाव.

फिलिकुदी बेटावर नदी नाही.
क्रोचिफिस्साच्या घराला भाजक्या मातीची पन्हळ आहे,
तिच्या तोंडाखाली टाकी.
डिसेंबरात उतरेल ते ऑगस्टपर्यंत पुरवायचं.
म्हणजे एकाच शब्दाच्या या टोकाला तिची तहान
आणि त्या टोकाला तिचा नवरा.

बार्तोलो.
निळी होडी, दोन पेट्या बांगडे.
होडी सापडली. पेट्याही.

"तुमच्याकडे काय म्हणतात त्याला?"
तिनं आधी खिडकी लावली.
मग म्हणाली, उंदराची शेपटी.
तेही इथं, चुलीपाशी.
होडीत पाय ठेवला की नुसतं 'ती' म्हणायचं
आणि बोट दाखवायचं नाही.

मी टिपून घेतलं:
उंदराची शेपटी. स्त्रीलिंगी.
वापर: फक्त किनाऱ्यावर.

शेपटी कापता येते.
काळ्या मुठीची सुरी, हवेत आडवे तीन वार
आणि काही शब्द, ओठांतल्या ओठांत.
ते द्यायचे नाताळच्या मध्यरात्री,
एकानं एकालाच.
सासऱ्यानं तिला दिले;
तिचा ओनोफ्रिओ मेलबर्नला फरशा बसवतो,
तिकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो,
आणि फोनवर दिलेले चालत नाहीत.

मग बार्तोलोच्या वेळी?
विचारायला नको होतं.
"त्या दिवशी मी टाकी घासत होते," ती म्हणाली.
"आत उतरून."

बऱ्याच वेळानं मी विचारलं,
त्या शब्दांचा अर्थ काय?
"अर्थ नाही त्यांना. वापर आहे."

ऑक्टोबरात एका सकाळी ती आली.
राखाडी, बारीक, जरा वाकडी.
क्रोचिफिस्सा गच्चीवर गेली, चपला खाली काढून.
मी घड्याळ लावलं.
अकराव्या मिनिटाला शेपटी मधोमध तुटली,
वरची ढगात गेली, खालची नुसता फेस.
माझ्या पुस्तकात आहे: बहुतेक अशाच विरतात,
आपोआप, थोड्या वेळात.
ती खाली आली आणि त्याच सुरीनं
पाव कापायला बसली.
मला जाड तुकडा दिला.

रात्री पाऊस लागला.
पन्हळ आधी खाकरली, मग बोलायला लागली,
टाकीत खोल कुठंतरी पाण्यानं पाण्याला ओ दिली.
क्रोचिफिस्सा अंधारात उभी राहून
किती चढलं ते कानांनी मोजत होती.

खोडलेल्या ओळीशेजारची जागा
मी अजून कोरीच ठेवली आहे.
शब्द आठवत होता.
खिडकी उघडी होती.