उलटी अक्षरं

माझ्या वडिलांना जिल्हे उलटे वाचता यायचे.
रपूलासो, म्हणायचे, रबरावर बोट फिरवत.
मी शाळेत एकदा तसंच लिहिलं
तर बाईंनी बाकावर उभं केलं अर्धा दिवस.

नरसिंग इराबत्ती. कन्ना चौकाच्या अलीकडे टपरी,
वर पत्रा, पत्र्यावर वीट.
मागाच्या खडखडाटानं एक कान गेला
म्हणून हे मुकं काम धरलेलं.
घरात तेलुगू, कचेरीत मराठी,
अक्कलकोटकडच्या सरपंचांशी कन्नड;
रबरावर मात्र सगळ्याच भाषा
उर्दूसारख्या, उजवीकडून चालायच्या.

कुठं सजा फुटला, कुठं मंडळ नवं झालं
की आमच्या घरी मटण.
एका गावाचा तलाठी बदलला, दुसऱ्याची वाट बदलली,
चार गावं या कचेरीतून त्या कचेरीत गेली,
त्यांतल्या म्हशींना कळलंही नसेल,
पण शिक्का लागतो.
"साहेब लोक नकाशावर रेघ मारतात," वडील म्हणायचे,
"आपलं मीठ-मिरची त्या रेघेवर."

जुना शिक्का परत आला की ब्लेडनं खरवडायचे ते,
शिपायासमोर, नियमानं.
काळा चुरा कागदावर पडायचा.
एकदा त्यांनी तो मला पुडीत बांधून दिला:
"घे. ही गावं मोकळी झाली."
मी ती कंपासपेटीत ठेवली, आणि कधीतरी
पेन्सिलीच्या टरफलांबरोबर फेकूनही दिली.

फुलचंद फडे आले त्या वर्षी मी सहावीत.
पांढरी टोपी, काखेत फायल, कृती समितीचे चिटणीस.
कुठल्या गावचे ते सांगत नाही;
मागणी अजून जिवंत आहे, उगाच कुणाचं मन दुखायला नको.
म्हणाले, एक गोल शिक्का करा, मधे सिंह नको, तो सरकार देईल,
कडेनं फक्त: जिल्हाधिकारी कार्यालय, आणि आमच्या गावाचं नाव.
वडिलांनी चष्मा काढला.
"असा जिल्हा कुठाय ओ?"
"होणार आहे. एक मेला घोषणा.
आदल्या दिवशी धावपळ नको."
पाच रुपये दिले. दहा बाकी.

वडिलांनी तो शिक्का जितका निगुतीनं केला
तितका खऱ्या जिल्ह्याचासुद्धा केला नसेल.
शेवटच्या काना-मात्रेपाशी तीनदा थांबले.

एक मे आला, गेला.
मग पंधरा ऑगस्ट, मग सव्वीस जानेवारी, मग निवडणूक,
मग शेजारच्या जिल्ह्याचंच नाव बदललं
आणि माझ्याकडे एका आठवड्यात एवढी कामं आली
की मशीन तापून बंद पडलं.
(हो, आता मशीन. उलटं करायचं ते स्वतःच करतं.)
वडील तोवर गेले होते.
तो शिक्का बिस्किटाच्या डब्यात, टॅल्कम पावडर लावून,
रबर चिकटू नये म्हणून.

परवा एक माणूस आला, स्कूटर चालूच ठेवून.
म्हणाला, "फडे. वडिलांच्या वहीत तुमचे दहा रुपये बाकी लिहिलेत."
मी डबा उघडला.
रबर कडक झालेलं, एका बाजूनं चिरलेलं,
पण अक्षरं जागच्या जागी.
त्यानं उलटसुलट पाहिलं. वाचता येईना.
"काय लिहिलंय?"
मी आरसा शोधायला लागले, मग लक्षात आलं,
मला लागत नाही.
मोठ्यानं वाचलं.

तो थोडा वेळ उभा राहिला.
स्कूटर बंद केली.
दहाची नोट काउंटरवर ठेवली, शिक्का मात्र सरकवला माझ्याकडे.
"राहू द्या तुमच्यापाशी. एक मे जवळच आलाय."
मग जाता जाता, अगदी व्यवहारी आवाजात:
"भाडं लावू नका म्हणजे झालं."