चार आकडी रकाना

हुकूम मंगळवारी आला, पुण्याहून, टाइप केलेला.
लढाई संपेपर्यंत कंपनी सरकारच्या ताब्यात.
अध्यक्ष : रावसाहेब शेषगिरी नाडगौडा, निवृत्त डेप्युटी.
वेतन दरमहा बाराशे पन्नास,
घरभाडे निराळे, पेट्रोलची कुपने निराळी.
मुदत : युद्ध चालू असेपर्यंत, आणि त्यानंतर सहा महिने.

मी पगारपत्रक उघडलं
आणि अडलो.
रुपयांचा रकाना तीन आकड्यांचा.
छापणाऱ्याला तरी काय ठाऊक,
तुळजापूर वेशीतल्या मोटार कंपनीत
कुणी हजाराच्या वर जाईल म्हणून.

रामचंदशेठ कोठाडियांनी कधी पगार घेतला नव्हता.
संध्याकाळी गल्ला उपडा करायचे,
नोटा उचलायचे, चिल्लरीत आम्ही.
आता खुर्ची सोडून
ते भिंतीकडच्या बाकावर बसत, आपल्याच कंपनीत,
गाडी चुकलेल्या उतारूसारखे.

लक्ष्मय्या बोल्लीनं घरून खळ आणली,
मागावरच्या सुताला लावतात ती,
द्रोणात, अजून कोमट.
मी बोटभर रुंद पट्टी कापली
आणि रकान्याला डावीकडून चिकटवली.
सगळ्यांच्या आडनावांची शेपटं झाकली गेली.
पट्टीवर पहिला 'एक' काढला तेव्हा
शाई थोडी फुटली.

गाड्या एकोणीस. चालत्या सात.
पेट्रोल फौजेला, टायर फौजेला,
आमच्या वाट्याला टपाच्या मागं बांधलेली कोळशाची भट्टी.
मौला नदाफ पहाटे चारपासून तिचा पंखा फिरवायचा,
सहाला गाडी खोकायला लागायची,
आणि तुळजापूरच्या घाटात, अर्ध्या चढावर,
तो दार उघडून म्हणायचा,
"उतरो बा सब, सरकार थक गई."
माणसं हसत उतरायची. ढकलायची.

रावसाहेब काय करीत?
सही.
सुट्या भागांसाठी पुण्याला लिहीत.
पुणं मुंबईला लिही, मुंबई दिल्लीला,
आणि पाच महिन्यांनी दिल्लीची विचारणा आमच्याच टेबलावर :
सुटे भाग कशासाठी?

माणूस वाईट नव्हता.
एप्रिलात वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारणाऱ्या पोराला
डब्यातली कडक भाकरी मोडून द्यायचे, वर शेंगाचटणी.
एकदा सही करता करता थांबून म्हणाले,
"सगळ्यात कमी कुणाला?"
"लक्ष्मय्याला. चौदा. वर महागाईभत्ता साडेतीन."
त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला,
घातला,
आणि बाराशे पन्नासपुढं सही केली.

मी भत्त्याचा हुकूम शोधून काढला त्या रात्री.
त्यातही तेच वाक्य, काना-मात्रेसकट :
युद्ध चालू असेपर्यंत.
पुढचे सहा महिने तेवढे नव्हते.

मग श्रावणातल्या एका बुधवारी
गिरण्यांचे भोंगे भलत्याच वेळी वाजले.
जपान पडला, जपान पडला.
यार्डात पेढे आले.
मौला पेढा तसाच हातात धरून उभा.
लक्ष्मय्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता.
खाली बघितलं,
माझाही.
आत रावसाहेब कॅलेंडरची पानं उचलून बघत होते.
डिसेंबरपर्यंत गेले. पुढं पान नव्हतं.
तेवढ्यात बाकावरून रामचंदशेठ, कुणाकडंच न बघता :
"मग, सुटे भाग आले का?"

ते पगारपत्रक पुढं रद्दीत निघालं, मी घरी आणलं.
खळीला कसर लागते.
ट्रंकेत ठेवलं होतं, डांबरगोळ्या टाकून, तरी लागलीच.
पट्टी चाळणीसारखी झाली, मग गळून गेली,
झाकलेली आडनावं पुन्हा वाचता येतात : बोल्ली, नदाफ,
आणि माझं.
रावसाहेबांच्या नावापुढं आता दोनशे पन्नास.
लक्ष्मय्याचे सतरा रुपये आठ आणे
आहेत तसे.