रिकामा चौकोन

धर्मकाट्याच्या वरच्या खोलीत बसतो आम्ही दोघं.
खाली सोयाबीनची ट्रॉली काट्यावर चढली
की टेबल एवढंसं हलतं,
आणि पडद्यावरचा कर्सरही दचकल्यासारखा वाटतो.
सकाळपासून वाद एकाच ओळीवरून:
सेव्ह करताना कोड नीट लावून द्यायचा का?

गुणवंत म्हणतो, "चौकोन दे एक.
खूण केली तं हो, नाई केली तं नाई.
लोकायले टाइम कुठी आहे वं
यादी उघडून वाचाले?"

मला यादी हवी.
बोट लागताच तीन पर्याय खाली उतरावेत:
नेहमी. कधीच नाही. फक्त बदललेल्या ओळी.
कुणाचा दहा वर्षांचा जुना कोड
न विचारता सरळ करून टाकला
तर तो माणूस बघत बसेल त्याच्याकडे,
टक्कल करून आणलेल्या पोराकडे
आई बघते तसा.

दहाला लाइन गेली.
इन्व्हर्टरवर पंखा चालतो किंवा राउटर.
"बघ," मी म्हणाले, "दोनातलं एक निवड. यादीच झाली ना?"
"हे रेडिओ बटन झालं," तो म्हणाला,
आणि पंखा बंद केला.

उस्मानभाईंच्या गाड्यावर पोहे.
ते एवढंच विचारतात, "तर्री?"
मान हलली की पळी उलटी.
"पाह्य," गुणवंत म्हणाला, "याले म्हणते चेकबॉक्स."
तेवढ्यात मागून कुणी तरी:
"मले बाजूले द्या भाऊ, वाटीत. तेल वरचं नको."
पळी हवेत थांबली.
तो क्षण माझा होता,
पण माझ्या तोंडात पोहे होते.

दुपारी ललिताबाई आल्या, अंगणवाडीच्या.
त्यांचा मोबाइल अडकतो, म्हणून महिन्याची माहिती
आमच्या इथून भरतात.
वजनाची वही उघडली:
बरोबरच्या खुणा, फुल्या,
आणि मधेमधे पेनानं टेकवलेलं एक टिंब.

"टिंब म्हंजे?"

"टिंब म्हंजे मी गेली होती, घराले कुलूप होतं.
फुली मारली तं लेकरू आलं नाई असं होते.
कोरं सोडलं तं मीच गेली नाई असं होते.
मोबाइलात टिंबाले जागा नाई,
म्हणून वही ठेवतो मी अलग."

गुणवंतनं वही स्वतःकडे ओढली.
बोट ठेवून टिंबं मोजली.
"अकरा," तो म्हणाला.
"अकराच तं आहे. अकरासाठी यादी कोण बनवते?"
ललिताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं,
मग पदरानं वहीवरची सोयाबीनची धूळ पुसली.

संध्याकाळी बघते तर चौकोनच ठेवला होता त्यानं.
पण हो नाही, नाही नाही, अशा वेळी
आत एक आडवी रेघ उमटत होती.
ही लबाडी आहे, मी म्हणाले,
रेघेचा अर्थ कोणाला कळणार?
"ज्याच्या घराले कुलूप आहे, त्याले,"
तो म्हणाला, आणि लगेच ते खोडावं का
अशा विचारात पडला.
अजून ठरलेलं नाही.
उद्या पुन्हा भांडू.

तो गेल्यावर मी दुसरी खिडकी उघडते.
पुण्याच्या कंपनीचा फॉर्म, तीन आठवडे जुना.
नाव, शिक्षण, अनुभव भरलेलं.
शेवटी एक ओळ: गाव सोडण्यास तयार आहे.
पुढे चौकोन.
त्यांनी एव्हाना नाही असं धरलं असेल.

खाली मघाची ट्रॉली माल उतरवून परत आली.
टेबल हललं, पण अगदीच थोडं.
काट्यावरचा पोरगा ओरडून आकडा सांगतो,
आतला कारकून लिहून घेतो.
इथे रिकाम्या गाडीचंही वजन करतात.