गहाळ नोंद

महिनाभरात निवृत्ती, म्हणून कपाट रिकामं करतेय.
मे महिना. पंखा नुसता गरम हवा इकडची तिकडे करतो.
डोमाजीनं कूलरच्या टाकीत दोन बादल्या ओतल्यात,
वाळ्याचा वास सुटलाय,
आणि खालच्या कप्प्यात सापडलाय
सुतळीनं बांधलेला हेडाऊ सरांचा गठ्ठा.

त्र्याण्णवचा फेब्रुवारी. सीताबर्डीवर छापून आणलेल्या
एकशे बारा प्रश्नावल्या, फक्त प्राध्यापकांसाठी.
प्रश्न एक, चौकोन तीन.
ईश्वर मानता का?
होय. नाही. सांगता येत नाही.
खाली शेऱ्याला दोन ओळी. नाव लिहू नये.

नाव लिहू नये!
इतकी वर्षं यांच्या गुणपत्रिका तपासल्या मी,
कुणाचा 'र' कुठं मोडतो, मला ठाऊक नाही होय?

नवं यंत्र आलं की ज्यांच्या हातून नारळ फुटायचा
ते भौतिकीचे विभागप्रमुख: नाही.
दोनदा गिरवलेलं.
गावोगाव निखाऱ्यांवरून चालून दाखवणारे कळंबे
यांनी 'होय'वर पेन्सिलनं खूण केली, मग खोडली.
कागद उलटा धरला
की ती अजून बोटाला लागते.

गजभिये मॅडमनी तिन्ही चौकोनांवर काट मारली
आणि लिहिलं: चौकोन तुमचे आहेत.
माझे आजोबा छप्पन्न सालीच या प्रश्नातून बाहेर पडले.
हेडाऊ सर तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसले.
म्हणाले, प्रश्नच नीट विचारला नाही मी.

काझींचं होय. बारीक, सरळ.
कँटीनमध्ये तर्री-पोह्यांवर मान घालून म्हणाले,
'नाही' लिहिलं असतं तर तुम्ही मला चांगला म्हणाला असता.
मला या वर्षी चांगलं व्हायचं नव्हतं.
एरवी, मॅडम, शुक्रवारीसुद्धा चुकतो मी.

आणि नुकताच नोकरीला लागलेला डोमाजी,
गठ्ठे या खोलीतून त्या खोलीत नेता नेता:
"मले काऊन नाई इचारलं, मॅडम?
देव मानाले पीएचडी लागते का?"
आम्ही सगळे हसलो. उत्तर कुणी दिलं नाही.

एप्रिलमध्ये सरांना मेडिकलमध्ये ठेवलं.
उशाला बायकोनं अंगारा ठेवलेला,
त्यांनी तो पाहून न पाहिल्यासारखा केलेला.
मला म्हणाले, बेरीज झाली?
म्हटलं, एकशे अकरा आले. एक यायचाय.
कुणाचा?
म्हटलं, माहीत नाही.
संख्याशास्त्राच्या बाईनं आयुष्यात
एवढं सरळ खोटं कधी सांगितलं नव्हतं.

तो हा. कोरा.
त्याच्या आदल्या वर्षी निनादला विषमज्वर झालेला,
एकविसाव्या दिवशीही ताप एकशे तीन.
मी टेकडीच्या गणपतीला रांगेत उभी,
हातात दूर्वांची जुडी, आणि डोक्यात
ताप उतरण्याची संभाव्यता मांडत होते.
उतरला.
इंजेक्शन बदललं होतं त्याच सकाळी.
नमुना एकाचा. एकावरून काही सिद्ध होत नाही,
पहिल्या वर्षाला मीच शिकवते.
मग दर चतुर्थीला रिक्षा
आपोआप टेकडीकडे का वळवते,
ते नाही शिकवत.

गहाळ नोंदीला शून्य धरू नये, हेही मीच शिकवते.

"हे रद्दीत टाकू का?" डोमाजी विचारतो.
त्याचेही केस पांढरे झालेत.
मी कोरा कागद त्याच्यापुढं धरते, पेनसकट.
घे. तुला विचारायचं राहिलं होतं.

तो उभ्यानंच वाचतो. ओठ हलवत, सावकाश.
पेन परत देतो.
कागदाच्या चार घड्या घालतो, मग आणखी एक,
आणि खाली वाकून
कूलरच्या डुगडुगत्या पायाखाली सारतो.

"पाहा मॅडम. बंद झाला आवाज."