केरमान खाते

इतवारीतली मंडळाची खोली पुलाच्या खांबात जाणार होती.
त्याआधी चार दिवस, ऐन मे महिन्यात,
मी आणि रेवतीबाई धकाते कपाट उपसत बसलो.
कूलरला पाणी नव्हतं.
बाळं तोलायचा काटा, तीन शिलाई मशिनी,
बक्षिसाचे पेले, कधीच न वाटलेले,
आणि वह्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या.

"ऑडिटर विचारतो," मी म्हटलं, "ही केरमानबाई कोण?
दरसाल अकरा रुपये पंचवीस पैसे शिल्लक.
घेऊनही जात नाही, मरतही नाही."
"असंन कोणी मिलमधली," रेवतीबाई म्हणाल्या.
"आधीपासूनच हाये बाप्पा ते."

मग आम्ही वह्या उलट्या वाचत गेलो,
चूक सापडेपर्यंत कोष्टी विणलेलं उकलतो तशा.
१९९० : श्रीमती केरमानबाई.
१९७१ : सौ. केरमानबाई.
१९६१ : कु. केरमान.
मागे जाल तशी तरुण होत होती बाई.
१९५७ला चार आणे खोडून पंचवीस नवे पैसे.
त्याच्या अलीकडे
ना बाई, ना कुमारी. नुसतं केरमान.

१९३८. तपकिरी पडलेली शाई,
अक्षर द्वारकाबाई हरकऱ्यांचं :
"सौ. गोहर इराणी (बेकरीवाल्या) यांनी माहिती सांगितली.
त्यांचे माहेर केरमान शहर. तेथे गालिच्याच्या मागावर
सात-सात वर्षांच्या मुली उकिडव्या बसतात.
कमरेचे हाड वाढत नाही, पुढे बाळंतपणात अडतात.
त्यांच्या बहिणीने चारजणी जमवून सुईणींचा वर्ग काढला आहे.
हे ऐकून सभासद पराते व निनावे रडल्या.
निनावे म्हणाल्या, आमची कौतिका बी अशीच गेली."

एवढंच.
पुढचा विषय कपबशा फुटल्याचा.
द्वारकाबाई शिस्तीच्या; रडणं एका ओळीत बसवायच्या.

ठराव सात : कोष्टी बायकांना मागावर
पाठ टेकायला फळ्या करून द्याव्यात.
ठराव आठ : केरमानच्या वर्गास मदत पाठवावी.
मिलच्या रीळखात्यातल्या बायकांकडून तीन रुपये,
गोहरबाईंच्या नानकटाईचे पाच,
हळदीकुंकवाच्या ताटात तीन रुपये दोन आणे,
"नाव सांगितले नाही" दोन आणे.

पैसे परत आले.
सोबतचं पाकीट टाचणीनं वहीला टोचलेलं,
गंज चार पानं आरपार उतरलेला.
पत्र फारसीत. गोहरबाईंनी सभेत वाचलं,
द्वारकाबाईंनी मराठीत उतरवलं :
"वर्ग बंद झाला. बायकांचे भले काय ते
आता सरकार पाहील असा वरून निरोप आहे.
रस्त्यात शिपाई डोक्यावरची चादर ओढतात
म्हणून सुईण दारातून निघत नाही.
रात्री गच्चीवरून गच्चीवर जाते.
परवा दोन घरे लांब पडली."

लांब पडली म्हणजे
सुईण पडली, की घरं?
रेवतीबाईंनी ती ओळ दोनदा वाचून घेतली.
खाली : "सदर रक्कम तूर्त ठेवावी. सर्वानुमते."

तूर्त.
हा शब्द लिहिणारी गेली, बेकरी गेली,
मिलचा भोंगा गेला, आणे गेले,
आणि कोणा घाईतल्या खजिनदाराच्या हातून
एका अख्ख्या शहराची सभासद झाली,
वर्गणी थकलेली.

बँकवाला पोरगा म्हणाला, पत्ता नाही, खातं बंद करा.
"पत्ता तं आता आपलाबी कुठं हाये," रेवतीबाई म्हणाल्या,
आणि मानेवाड्याच्या गॅरेजात न्यायची नवी वही उघडली.
'केरमानबाई' लिहिलं. 'बाई' खोडायला पेन टेकवलं,
खोडलं नाही.
मागील पानावरून : ११.२५.

फळ्यांचा हिशेब कुठंच नव्हता.
कपाट हलवलं तेव्हा एक मिळाली,
डगमग थांबवायला डाव्या पायाखाली सरकवलेली,
मधोमध कोणाच्या तरी पाठीनं गुळगुळीत झालेली.