माघार

पुढं पस्तीस फुटांचं चाकांवरचं घर, मागं त्याची पिकअप.
मधे लोखंडाचे दोन दांडे, दोन साखळ्या,
दिव्यांची वायर, आणि एक बारीकशी तार :
सगळं तुटलंच, तर ती ओढली जाऊन
पिकअपनं आपले ब्रेक आपणच दाबावेत म्हणून.

बिट्टोरला आता मधलं दिसत नाही.
कडा दिसतात. माझा कान दिसतो, चेहरा नाही.
एल्कोच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं त्या दिवशी
तो एवढंच म्हणाला : मग स्टिअरिंग तू घे.
जोडायचं काम मात्र सोडलं नाही.

गुडघे टेकतो खडीवर. चाचपतो.
पिन बसल्याचा आवाज ऐकतो,
तरी तिच्यावरून बोट फिरवतो तीनदा,
माझी आई जपमाळेचा शेवटचा मणी सोडायची नाही, तसं.
मी पिकअपमध्ये बसून हुकूम पाळते.
ब्रेक दाब. ट्रान्सफर केस न्यूट्रलला.
आता गिअर टाक.
टाकला.
हलली?
नाही.
इंजिन गुरगुरतंय, गिअर पडलाय,
आणि चाकांच्या गावीही नाही.
झालं, म्हणतो. आता ने कुठंही.

चारही चाकांनी डोंगर चढलेली गाडी ही.
बर्फातून मेंढ्या आणल्यात हिनं, पंपाच्या मोटारी,
एकदा एक बाळंतीण, चादरीत गुंडाळलेल्या लेकरासकट.
आता मागच्या कॅमेऱ्यात बघावं तर
रिकाम्या सीटपुढं स्टिअरिंग आपोआप फिरतंय,
मी वळले की जरा उशिरानं.
दर वळणाला तो विचारतो,
अजून येतेय?
येतेय.

विनेमकाच्या पुढं मी रस्ता चुकले.
फोनमधल्या बाईनं वळ म्हटलं, वळले.
डांबर संपलं, मग खडी संपली,
मग कुणाचं तरी कुलूपबंद फाटक
आणि दोन्ही बाजूंना सेजब्रशची झुडपं, कंबरेएवढी.
ह्या जोडणीला माघार नाही.
हातभर जरी मागं रेटलं
तर पिकअपची पुढची चाकं भलतीकडं तोंड करतात
आणि दांडे मुरगळतात.
पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलंय. मला पाठ आहे.

पिन निघेना. तिरक्यात थांबलो होतो, सगळा ताण तिच्यावर.
त्यानं हातोडी मारली, एकदा पिनवर, एकदा अंगठ्यावर.
आजोबांचं बरं होतं, म्हणाला,
ह्याच रानात मेंढ्यांमागं हिंडायचे,
गाड्यातच घर, गाड्यामागं घोडा बांधलेला.
सांगितलं की मागं सरायचा.
अंगठा तोंडात धरून हसला.
मग म्हणाला, चार बोटं पुढं घे तिला. चारच.
मी न्यूट्रल काढला. चारही चाकं जागी झाली.
अजून, त्याचा हात पिनवर, अजून, थांब.
लोण्यातून केस निघावा तशी निघाली.

दोन गाड्या, चालवणारी एक.
पिकअप मागं नेऊन मोठ्या रस्त्याला लावली,
पाऊण मैल चालत परत आले.
तो फाटकाशी उभा, वाऱ्यात टोपी धरून.
आता हे घर सरळ मागं न्यायचं
एवढ्याशा वाटेवरून, आणि दिवस कलतीला.
मी सांगतो, म्हणाला.
कसं सांगणार?
मला कडाच तर दिसतात, म्हणाला.

पाऊण मैल.
कॅमेऱ्यात पिकअपच्या जागी तो,
उलटा चालत, दोन्ही हात पसरून,
डावा हात वर केला की मी डावीकडं कमी,
एकदा ठेचकाळला, माझा पाय ब्रेकवर,
उठला, पँट झटकली, ये म्हणाला.
एक झुडूप मोडलं. आरशाला ओरखडा, तो आधीचाच असेल.

अंधारात त्यानं पुन्हा जोडलं.
टॉर्च धरू का विचारलं, तर म्हणाला, कुणासाठी?
पिनवरून बोट तीनदा. मग चौथ्यांदा.

निघालो. पहिल्या वळणाशी
तो काहीच बोलला नाही, डोकं खिडकीला टेकलेलं,
झोपलाय की काय कोण जाणे.
मीच म्हटलं,
येतेय.